पाणी ओतून वाट शोधणारा

मुकादम रस्त्यावर चपला हातात घेऊन चालायचा आणि कुणाच्या घरात शिरायचं झालं की त्या पायात घालायचा. पहिल्यांदा आमच्या ओसरीवर तो असा चपला घालून चढला तेव्हा मी त्याला तोंडावर विचारलं, "मुकादमानू, लोक चपला भायर काडतत, तुमी भितर घालतास. ह्या काय?"

तो म्हणाला, "पाय मळलेले आसत गो बाय. तुझी भुंय कित्याक मळवू?"

त्यात चुकीचं काही नव्हतं. चपला कोऱ्या होत्या आणि पाय मातीचे होते. पण बरोबर आहे असंही वाटेना. त्याच्या पुष्कळ गोष्टी अशाच होत्या. ऐकताना पटायच्या आणि घरी जाऊन विचार केला की काही पटायचं नाही.

मी इथे त्याला अरे-तुरे लिहिते आहे. तोंडावर कधी केलं नाही. तो दोडामार्गाकडचा, आणि माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. मी कोरगावची, चौथी शिकलेली, लग्न होऊन सर्वणला आले. खाणी बंद पडल्या आणि नवरा ज्या ट्रकवर ड्रायव्हर होता तो ट्रक मालकाच्या दारात गवतात उभा राहिला, तेव्हा मी रस्त्याच्या टोळीत कामाला लागले. डोक्यावर खडी, वाळू, चिरे. त्या टोळीचा हा मुकादम. आठ-नऊ वर्षं मी त्याच्या हाताखाली काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं आमचं काम डिचोलीच्या आसपास असलं की तो दुपारी आमच्याकडे जेवायचा.

त्याचं एक ठरलेलं उत्तर होतं. "आसात. नसातय." म्हणजे असेल, नसेलही. उद्या काम आहे का विचारलं तरी तेच. एकदा त्याची बायको आजारी असल्याचा गावाहून निरोप आला. आम्ही बायका म्हणालो, आता बरी असेल ना. "आसात. नसातय," म्हणाला आणि घमेली मोजायला गेला. आम्हाला वाटलं, काय दगड माणूस आहे. दुसऱ्या दिवशी कळलं, की काम सुटल्यावर तो चालत गावी जाऊन, तिला बघून, पहाटे चालत परत आला होता. बस होती. तरी चालत.

चालणं हे त्याचं व्यसनच. दरवर्षी माघात घाटावरच्या देवीला पायी जायचा. पेडण्याकडून, कोरगावपासून ही माणसं निघतात, डिचोलीहून आमच्या सर्वणवरून कारापूरला जातात आणि तिथून पुढे घाट चढतात. अनवाणी जातात, नवसच तसा असतो. माझ्या माहेरची माणसं त्यात असायची, म्हणून मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना पाणी आणि गुळाचा खडा देत आले. मुकादम त्या घोळक्यात चालायचा, पण सगळ्यांत शेवटी. आणि देवीपर्यंत पोचला तरी देवळात शिरायचा नाही. पायरीला हात लावून परत फिरायचा. मी विचारलं, एवढे पाच दिवस चालून जाता आणि दर्शन का घेत नाही?

"गर्दी आसता," म्हणाला.

मग सरकारने ती पायी जाण्याची वाट सुधारायची योजना आणली. नारळ फोडला, भाषणं झाली. सबंध वाटेला फरशी घालायची, मधे मधे निवारे, नळ, सौरदिवे. यात्रेकरूंना आतापर्यंत डांबरी रस्त्याच्या कडेने ट्रकांच्या खाली यायच्या भीतीने चालावं लागे, ते बंद होणार. चांगलंच होतं. आमच्या टोळीला काम मिळालं, आणि ती वाट मुकादमाइतकी कुणाच्या पायाखालची नव्हती, म्हणून इंजिनीयर त्याला विचारल्याशिवाय खुंटी मारायची नाही. इंजिनीयर म्हणजे एक तरुण बाई होती, म्हापशाची. कडक, पण ऐकून घेणारी.

कारापूरच्या निवाऱ्यात गवंड्याने बसायला लांब बाकं बांधली, त्यांवर गुळगुळीत लादी लावली. मुकादम एकेका बाकावर जाऊन बसला. प्रत्येक बाकावर एक विडी. त्याच्या मनगटाला घड्याळ होतं, पण ते तो बघायचा नाही, विडी पेटवून वेळ मोजायचा. आणि ती ओढायचाही नाही. नुसती बोटांत धरून जळू द्यायचा. सगळ्या बाकांवर बसून झाल्यावर गवंड्याला म्हणाला, "बसाक बरी झाली. पण उठाक इसारतले." आणि सगळी लादी काढायला लावून पुढे उताराची करून घेतली.

इंजिनीयर बाईने नंतर विचारलं, हा उतार कशाला?

"पाणी रवाचा नाय म्हणान."

छपराखाली पाणी कुठून येणार, हे तिने विचारलं नाही. मी त्या बाकावर बसून पाहिलं आहे. थोडा वेळ बरं वाटतं, मग माणूस घसरत घसरत कडेला येतो आणि वैतागून उठतो. गेल्या वर्षी पेडण्याचा एक जाडा भाविक तिथून थेट खाली बसला आणि त्याने सरकारच्या नावाने शिव्या दिल्या. माझ्यासमोर.

तर अशा माणसाच्या हातात माझी भाजीची जागा सापडली. ती कशी, ते आधी सांगते.

आमच्या घराच्या मागे भाजीचं शेत आहे आणि त्याच्या पलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा आमचं कुंपण आणि व्हाळ यांच्यामधून यात्रेची जुनी वाट जायची. चार हात रुंद. माझ्या सासूने ते कुंपण एका पावसाळ्यात हातभर पुढे घेतलं, मग दुसऱ्या पावसाळ्यात हातभर, असं करत करत व्हाळाच्या काठाला नेऊन टेकवलं. माणसं आधी कुंपणाला अंग घासत गेली, मग व्हाळातल्या दगडांवरून गेली, मग कंटाळून डांबरी रस्त्याने जाऊ लागली. गावात कोणी काही म्हणालं नाही, कारण गावात प्रत्येकाचं कुंपण थोडं थोडं चाललेलं असतं. पुढे जमिनीची मोजणी झाली तेव्हा कुंपण व्हाळाशी होतं, म्हणून कागदावर तो पट्टा आमचा झाला. सासू मेली. मी कुंपण मागे घेतलं नाही. कशाला घेईन? त्या शेतातून घर चालत होतं.

फक्त त्या पट्ट्यात वांगी कधी झाली नाहीत. रोप वीतभर वाढायचं आणि पिवळं पडायचं. तिथे मी तांबडी भाजी पेरायची, तिची मुळं खोल जात नाहीत. खालची जमीन का टणक आहे हे मला माहीत होतं. माणसं किती वर्षं त्यावरून चालली होती कुणास ठाऊक.

आणि मुकादम वाट शोधायचा तो नेमका असाच. जिथे जुनी वाट बुजली असेल, रान वाढलं असेल, तिथे तो पहारीने वीतभर खळगा मारायचा, त्यात कळशीतलं पाणी ओतायचा आणि विडी पेटवायचा. विडी संपेपर्यंत पाणी राहिलं तर तिथे वाट होती, पायांनी जमीन ठोकलेली होती. पाणी आधीच मुरलं तर नव्हती. इंजिनीयर बाई पहिल्यांदा हसली. मग गावोगावचे म्हातारे जे सांगत तेच पाणीही सांगतं, हे बघून तिने एकदा विडीला घड्याळ लावलं आणि तेवढी मिनिटं वहीत लिहून घेतली. त्यानंतर ती नकाशावर त्याच्या शब्दावर खुणा करू लागली. वाट होती, वाट नव्हती. खाली सही. वाट निघाली की ती जमीन योजनेत.

आमच्या शेताची पाळी आली त्या दिवशी टोळीचं काम आमच्याच दाराशी होतं. दुपारी मुकादम इंजिनीयर बाईला आणायला डिचोलीला गेला. टोळीतल्या बायका आंब्याखाली आडव्या झाल्या. मला तीन तास मिळाले. मी पहार घेतली आणि पट्ट्यात जिथे तो खळगा मारील असं वाटलं तिथे, आणि आजूबाजूलाही, खालची टणक जमीन फोडून काढली. हाताला फोड आले. कामावरचा वाळूचा ढीग दारातच होता. त्यातली अकरा घमेली डोक्यावरून नेली, शेणखत मिसळलं, भरलं आणि वर तांबड्या भाजीचा वाफा होता तसा लावून टाकला. आंब्याखालच्या एकीने डोळा उघडून विचारलं, "काय करतंस गो?"

"खत घालतंय," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

तीनला दोघं आली. मुकादमाने पट्ट्यात मधोमध खळगा मारला. पहार लोण्यात जावी तशी गेली. पाणी ओतलं. त्याने विडी काढली, काडी ओढली, आणि विडीचं टोक लाल व्हायच्या आत खळगा कोरडा. तो खाली बसला. खळग्यात हात घातला, मूठभर माती काढली, बोटांवर चोळली, नाकाशी नेली. सर्वणच्या शेतात वाळू कुठून येणार? आठ वर्षं वाळूवर मुकादमी केलेला माणूस. मी कुंपणाला धरून उभी होते. पट्टा गेला असता तर वाट शेताला लागली असती, भाजी उघड्यावर पडली असती, आणि माझी मजुरी सोडली तर घरात दुसरी मिळकत नव्हती.

"बरी माती आसा गो तुझी, बाय," तो म्हणाला.

इंजिनीयर बाईने विचारलं, "मुकादम, वाट?"

"नाय."

तिने नकाशावर खूण केली. जळती विडी त्याने चिमटीत विझवली आणि कानावर ठेवली. मग वाळूच्या ढिगाकडे गेला, फावडं घेतलं आणि मी उकरलेल्या बाजूला जो खड्डा पडला होता तो सारखा करून ढीग पुन्हा गोल केला. ढीग गोल ठेवायची त्याला सवयच होती. म्हणून त्यातून काही सिद्ध होत नाही.

त्यानंतर आमच्याकडे जेवायला बसला, जेवण राहिलंच होतं. मी भात वाढला, माशाचं हुमण वाढलं. त्याने ताटात बघितलं आणि म्हणाला, "तांबडी भाजी सोपली काय?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. टोमणा असेल तर तोंडावर काहीतरी दिसायला हवं होतं. काही दिसलं नाही. भाजी होती, मी वाढली. दोनदा घेतली त्याने.

मी मनाशी ठरवलं, की त्याला कळलं आणि त्याने अन्नाला जागून मला सोडलं. हे चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी पुढच्या गावात एका शेतकऱ्याने खळगा मारायच्या जागेवर रातोरात शेणाचा ढीग घालून ठेवलेला निघाला. मुकादमाने त्याला हाताला धरून इंजिनीयर बाईसमोर उभं केलं, स्वतः ढीग उपसला, पाणी ओतलं आणि अख्खी विडी जळेपर्यंत त्या माणसाला तिथून हलू दिलं नाही. त्या शेतकऱ्याच्या घरीही तो जेवलेला होता. मग मलाच का सोडलं? म्हणजे त्याला कळलंच नव्हतं?

आमच्या शेताला वळसा घालून वाट झाली. जाताना व्हाळावर एक मोरी, म्हणजे छोटा पूल, पलीकडच्या उघड्या माळावरून लांब फेरा, येताना दुसरी मोरी. फरशीचे ठोकळे घातले, दिवे लावले. माझ्यामुळे सरकारला दोन मोऱ्या जास्त बांधाव्या लागल्या. त्यांतली एक बांधताना चिरे मीच वाहिले.

पहिल्या वर्षीची यात्रा आली. आमच्याकडे ती पोचते सकाळी अकराच्या पुढे. माघातलं असलं तरी आमचं ऊन काही थंड नसतं. आणि ते सिमेंटचे ठोकळे अकरापर्यंत तव्यासारखे तापतात, हे योजना करणाऱ्या एकालाही सुचलं नव्हतं. सगळे बूट घालून पाहणी करायला आले होते. माणसं अनवाणी. उघड्या माळावर एक झाड नाही. मी ओसरीवरून बघत होते. बायका लुगड्याचा पदर फाडून पायाला बांधत होत्या, पोरांना खांद्यावर घेत होत्या, कोणी ठोकळ्यांच्या कडेच्या काट्यांतून चालत होते. काटे बरे म्हणायचे. माझ्या माहेरची एक म्हातारी पाय धरून मोरीवर बसली, तिच्या तळव्याला फोड आले होते. तिला मी घरी आणलं, पाय पाण्यात ठेवले. ती म्हणाली, "पयली हंय व्हाळाकडल्यान वाट होती मगे? गार होती." मी म्हटलं, "आठवत नाय."

सगळ्यांच्या मागून मुकादम आला. तोपर्यंत त्याने काम सोडलं होतं, साखर वाढली होती. मोरीपाशी थांबला. इतर माणसं फेऱ्याने गेली. तो वाट सोडून खाली उतरला, माझ्या कुंपणाचं बेडें, म्हणजे बांबूचं फाटक, उघडलं आणि शेतातून चालू लागला. हात जोडलेले, नजर खाली. मिरच्यांच्या वाफ्यातून.

इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण माझा घोळ इथेच आहे. जुनी वाट व्हाळाच्या काठाने होती, ज्या पट्ट्यात आता तांबडी भाजी जाऊन झकास वांगी लागली होती. मुकादम त्या पट्ट्यात पाऊल टाकीना. त्याच्या बाजूने, चार हात आतून, माझ्या मिरच्यांतून चालला होता. ती जमीन आमची. खरोखरच आमची, सासऱ्याच्या बापापासूनची. सासू तिथे काही करायला गेली नव्हती.

मी खाली उतरले. "मुकादमानू, मिरचे मोडतत."

"आसात."

"वाट तकडे तुमीच केलात."

"ती सरकाराची."

"आणि ही?"

"ही तुझी गो बाय."

"माझी तर चलतास कित्याक?"

"तुझी म्हणानच इचारून चलतंय."

"इचारलात खंय?"

"आता इचारतंय." आणि उभा राहिला. खरोखरच उत्तराची वाट बघत उभा राहिला. पायांतून रक्त येत होतं. मी म्हटलं, "चला." मग हळूच म्हटलं, "चलायचाच तर वांग्यातून चला. वांगी वर आसत, पाय लागाचो नाय."

त्याने वांग्यांकडे बघितलं. "थंय नको," म्हणाला.

"का?"

"वांगी बरी आसत."

आणि मिरच्या मोडत पलीकडच्या बाजूने बाहेर पडला.

त्याला कळलं असतं, तर तो पट्ट्यातून चालला असता, कारण वाट तिथे होती. कळलं नसतं, तर माझ्या शेतात शिरायचं त्याला कारणच नव्हतं. हे मी कितीदा तरी स्वतःशी मांडून बघितलं आहे. कधी वाटतं, त्याने मला दंड केला. चोरलेलं माझ्याकडे ठेवलं आणि माझं होतं ते तुडवलं. कधी वाटतं, एवढा लांबचा विचार करणारा माणूस माणसं घसरतील असा लादीला उतार देत बसला नसता.

पुढच्या वर्षी त्याच्यामागे पंधरा-वीस जण शेतात शिरले. त्याच्या पुढच्या वर्षी सगळेच. मिरच्यांना मी पाणी देते, जमीन ओली आणि गार, अनवाणी माणसाला आणखी काय पाहिजे? सगळे मुकादमाच्याच पावलावर चालले, वांग्यांकडे एकही वळला नाही. मिरच्यांचा वाफा सपाट झाला. तिथे आता काही उगवत नाही. सौरदिवे पलीकडे माळावर एकटे जळतात.

चौथ्या वर्षी मुकादम आला नाही. साखरेने पाय कापावा लागला होता. मी बसने त्याच्या गावी गेले तेव्हा त्याला जाऊन बारा दिवस झाले होते. त्याची बायको मागच्या दारी बसली होती. माझ्याबद्दल तिला माहिती होतं, "सर्वणची बाय ती तूच काय," म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. पहार, वाळू, सगळं. तिला सांगायला काही वाटलं नाही. मग विचारलं, की तो माझ्या मिरच्यांतून का चालायचा, कधी काही बोलला होता का?

ती म्हणाली, "गार लागता म्हणायचे."

"बस, इतकंच?"

"साखर होती मगे त्यांका. तळव्यांची आग व्हायची. सर्वणच्या बायच्या शेतात पायांका बरा वाटता, म्हणायचे."

"आणि वाळूचं?"

तिने विचार केला. "वाळूचा काय बोलाक नाय. पण ता सगळा बोलायचे खंय?" मग म्हणाली, "ठाऊक आसात. नसातय."

मी तिथून उठले ती अधिकच गोंधळून.

यंदा पावसाळ्याआधी इंजिनीयर बाई आली. आता मोठी साहेब झाली आहे, पण चढून ओसरीवर आली, पाणी मागितलं. योजनेचा दुसरा टप्पा आहे. ठोकळे तापतात हे सरकारला कळलं आहे. अनवाणी माणसांसाठी मातीची वाट करायची, कडेला झाडं लावायची. आमच्याकडे फेरा काढून टाकून शेतातून गेलेली वाट कायम करायची, त्याला माझी संमती हवी. कागद तिने आणला होता.

मी तिला शेतात नेलं आणि सांगितलं. पट्टा दाखवला. म्हटलं, जुनी वाट ही. माझ्या सासूने घेतली आणि मी लपवली. त्या दिवशी खळग्यात तुमचीच वाळू होती, अकरा घमेली. हा पट्टा घ्या आणि माझी मिरच्यांची जागा मला द्या. रुंदी सारखीच आहे, तुमचं काही बिघडत नाही.

मला पश्चात्ताप झाला होता असं मी लिहिणार नाही. मिरच्यांची माती पिढ्यांची कमावलेली आहे, ती मला परत हवी होती. पण त्यासाठी खरं बोलावं लागत होतं आणि ते मी बोलले.

ती हसू लागली. चांगली हसली, वाईट नाही. "मावशी, मिरच्यांसाठी म्हणताय ना?"

"हो. पण खरं आहे."

"इथे वाट नव्हती. मुकादमांनी तपासलंय, नकाशावर माझी सही आहे. सबंध वाटेवर त्यांची एक जागा चुकली नाही."

"ही चुकली."

"त्यांना वाळू ओळखता आली नसेल?"

ओळखता आली असेल म्हटलं तर तो खोटं बोलला असं होतं, आणि मेलेल्या माणसाबद्दल मला ते पक्कं माहीत नाही. आली नसेल म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, मीसुद्धा. पुन्हा खळगा मारूनही काही निघणार नव्हतं, खालची जमीन मी माझ्या हातांनी फोडली होती. जुनी माणसं गेली. माझ्या माहेरच्या त्या म्हातारीला मीच आठवत नाही म्हणून सांगितलं होतं, ती पण गेली.

"आणि मावशी," ती म्हणाली, "तुमचं म्हणणं खरं असतं तर मुकादम स्वतः वांग्यांतून चालले असते. लोक त्यांच्या मागून गेले."

मी सही केली. चौथीपर्यंत शिकले आहे, सही करता येते.

आता मिरच्यांच्या जागी मातीची वाट झाली आहे, कडेला करंजाची रोपं लावली आहेत. वांग्यांचा पट्टा वाटेच्या पलीकडे पडला, व्हाळाला लागून, घरापासून तुटलेला. कागदावर तो माझा आहे. यंदाच्या यात्रेत बायका जाता जाता हात लांब करून वांगी तोडत होत्या आणि ओच्यात टाकत होत्या, घाटाखाली मुक्कामाला भाजी होते. शेजारीण म्हणाली, "गो, ओरड तरी." मी ओसरीवर बसून होते. ओरडायला माझी हरकत नव्हती. पण माझी वांगी नेता म्हणून ओरडायचं, की तुमच्याच वाटेतली नेता तर सगळी न्या म्हणून, हे ठरेपर्यंत बायका पुढे निघून गेल्या.